‘संगणक घेत नाही’ : नंदुरबार जिल्ह्यातील काही लोकमतांचा विचार

नंदुरबार जिल्ह्यात रास्त भाव दुकानाच्या दारात, बँकेच्या शाखेत किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (लोकांच्या तोंडी अजून तलाठीच) कार्यालयात थोडा वेळ उभे राहिले, की काही वाक्ये हमखास कानांवर पडतात. ‘अंगठा लागत नाही’, ‘नाव जुळत नाही’, ‘सर्व्हर बंद आहे’. आणि या सर्वांचे सार म्हणून, ‘संगणक घेत नाही’. हे वाक्य उच्चारले गेले की बोलणे तेथेच संपते. ऐकणारा माणूस पिशवीची घडी करून घरी जातो. पूर्वी ‘साहेब नाहीत’ या वाक्याला सरकारी कचेऱ्यांत जो मान होता, तो आज या वाक्याला प्राप्त झाला आहे. फरक एवढाच, की साहेब निदान दुसऱ्या दिवशी येत असत.

संगणकाविषयी समाजात जी मते रूढ असतात, ती बहुधा कोणी अभ्यासाने बनविलेली नसतात. ती रांगेत उभे राहून, शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून किंवा वर्तमानपत्रातील एखाद्या मथळ्यावरून बनतात. एरवी त्यांची दखल घेण्याचे कारण पडले नसते. परंतु सरपंच, मुख्याध्यापक किंवा तहसील कार्यालयातील अव्वल कारकून यांचे मत केवळ मत राहात नाही. त्याचा निर्णय होतो. यंत्र चुकतच नाही असे मानणारा सरपंच गावकऱ्याला तक्रारअर्ज लिहून देत नाही. मोबाईलवरील खेळाने मूल बिघडले असे ठरवून बसलेला शिक्षक त्या मुलाच्या घरी काय चालले आहे, याची चौकशी करीत नाही. संगणकाचा एक अभ्यासक्रम पुरा केला की पुण्यात नोकरी ठेवलेलीच आहे, असे मानणारा पालक त्यासाठी कर्ज काढतो. म्हणून या प्रचलित मतांची थोडी तपासणी येथे करावयाची आहे.

टेंभलीपासून आरंभ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार होते व नंदुरबार त्यांपैकी एक होता. अशा जिल्ह्याचा संगणकाच्या इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पण संबंध आहे, आणि तो मोठा आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी या जिल्ह्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पहिला क्रमांक गावातील एका महिलेला मिळाला. पुढे शंभर कोटींहून अधिक लोकांना ज्या बारा आकड्यांनी ओळखले जाऊ लागले, त्यांची सुरुवात मुंबईत किंवा बंगळूरला न होता टेंभलीला झाली. म्हणजे आधारने माणसाची ओळख पटविण्याचा अनुभव या जिल्ह्याइतका जुना देशात दुसरीकडे कोठेही नाही, आणि ‘संगणक घेत नाही’ हे वाक्य समजून घ्यावयाचे तर ते येथेच समजून घेणे योग्य.

प्रथम त्या बारा आकड्यांविषयी. त्यांतील शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून एका ठरावीक गणिती रीतीने काढलेला असतो. ही रीत याकोबुस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. क्रमांक लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर शेवटचा आकडा जमत नाही आणि यंत्राला चूक तत्काळ कळते. येथे ‘संगणक घेत नाही’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे आणि ते उपकारकही आहे. कारण चुकीच्या क्रमांकावर दुसऱ्याचे अनुदान जाण्याची एक वाट त्यामुळे बंद होते. अशा वेळी क्रमांक पुन्हा नीट वाचून घालावा, एवढाच उपाय. गणिताच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात अशा ‘तपासणी अंकाची’ साधी उदाहरणे करून घेतली, तर मुलांना यंत्राविषयी वाटणारे गूढ बरेच कमी होईल.

अंगठा का लागत नाही?

ठशाचा प्रकार मात्र निराळा आहे. यंत्र बोटाचा ठसा घेते म्हणजे दोन चित्रे एकावर एक ठेवून पाहते, असा समज आहे. तसे होत नाही. बोटावरील रेषा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात, अशा बिंदूंची स्थाने व दिशा टिपून घेतली जातात. नोंदणीच्या वेळी टिपलेल्या बिंदूंशी त्यांची तुलना होते आणि साम्याला गुण दिले जातात. गुण ठरविलेल्या मर्यादेहून अधिक भरले तर उत्तर ‘होय’, कमी पडले तर ‘नाही’. शालान्त परीक्षेत पस्तीस गुणांना उत्तीर्ण म्हणावयाचे हे जसे मंडळ ठरविते, उत्तरपत्रिका ठरवीत नाही, तसेच येथेही आहे. ती मर्यादा माणसांनी ठरविलेली असते. ती खाली आणली, तर एकाच्या नावावर दुसऱ्याने धान्य नेण्याचा धोका वाढतो. वर नेली, तर खऱ्या लाभार्थ्याला रित्या हाताने परत पाठविण्याचा धोका वाढतो. दोन्ही धोके एकाच वेळी नाहीसे करता येत नाहीत. ज्या शास्त्रावर हे यंत्र चालते, त्या शास्त्रातच ते शक्य नाही.

आता या जिल्ह्यातील हातांकडे पाहावे. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते आणि ती निवडण्या-खुडण्याचे काम मजूर स्त्रिया करतात. सातपुड्याच्या पायथ्याची व डोंगरातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामाला, शेतमजुरीला गुजरातेत आणि राज्याच्या अन्य भागांत जातात. ज्या हातांनी वर्षानुवर्षे कोयता, दगड, माती आणि सिमेंट हाताळले, त्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्यात त्वचा कोरडी पडते व सैल होते. कचेरीत बसून लेखणी चालविणाऱ्याचा ठसा बहुधा पहिल्याच खेपेस जुळतो आणि धान्याची ज्याला सर्वांत अधिक गरज त्याचा जुळत नाही, असा उलटा न्याय यातून घडतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. पण हेतू नव्हता म्हणून चूल पेटत नाही.

येथे आपल्या भाषेनेही थोडा घोटाळा केला आहे. सर्वत्र ‘अंगठा’ हाच शब्द रूढ असल्यामुळे दुकानदार अंगठाच मागतो आणि लाभार्थीही अंगठाच पुढे करतो. वस्तुतः नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांचे चित्र आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतलेले असते. अंगठा झिजला असेल तर तर्जनी किंवा अनामिका जुळण्याचा संभव असतो. हात धुऊन, पुसून, बोट थोडे ओलसर करून पुन्हा ठेवावे. एक बोट लागत नसल्यास दुसरे ठेवावे. जेथे बुबुळ टिपण्याचे उपकरण असेल तेथे ते वापरावे. नोंदविलेल्या मोबाईलवर येणारा संकेतांक वापरावा. आणि ठसे वारंवार नाकारले जात असतील तर आधार केंद्रावर ते नव्याने नोंदवावेत. या गोष्टी सांगावयास फार वेळ लागत नाही. मात्र कोणीतरी त्या सांगाव्या लागतात, आणि शक्य तेथे पावरीत, मावचीत किंवा भिलीत सांगाव्या लागतात.

हे सर्व करूनही ठसा जुळला नाही तर? मंत्रिमंडळ सचिवालयाने १९ डिसेंबर २०१७ रोजी सर्व विभागांना उद्देशून या प्रश्नावर सूचना काढल्या. ठसा जुळत नसेल तर बुबुळ किंवा मोबाईलवरील संकेतांक वापरावा, आणि तेही शक्य नसेल तर आधार पत्र पाहून, अपवाद म्हणून वेगळ्या नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा, असा त्यांचा आशय आहे. या नोंदवहीची वेळोवेळी तपासणी व्हावयाची आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुतांशी वैध ठरविला, त्या सुनावणीतही ठसे न जुळल्यामुळे होणाऱ्या वंचनेचा प्रश्न ठळकपणे पुढे आला होता. तेव्हा ‘संगणक घेत नाही’ हे शेवटचे उत्तर नाही. यंत्राने नाही म्हटल्यानंतर पुढे काय करावयाचे, हे माणसांसाठी लिहून ठेवलेले आहे. ज्या दुकानात अशी अपवादाची नोंदवही दिसत नाही, तेथे ती का नाही असे विचारण्यास ग्रामपंचायत सदस्याला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. परत पाठविलेल्या माणसाचे नाव, तारीख, कोणकोणती बोटे लावून पाहिली आणि पडद्यावर कोणता संदेश आला, एवढे एका वहीत लिहिले, तरी तहसीलदारांपुढे ठेवावयास पुरेसा पुरावा होतो. तो संदेश जसाच्या तसा उतरवून घेणे फार महत्त्वाचे आहे. ‘ठसा जुळला नाही’, ‘संपर्क झाला नाही’ आणि ‘शिधापत्रिका निष्क्रिय आहे’ हे तीन अगदी वेगळे आजार आहेत आणि त्यांचे वैद्यही वेगळे आहेत. लोकांच्या तोंडी मात्र तिघांचे नाव एकच असते.

याच यंत्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या दरम्यान शिधापत्रिकेची सोय परस्परांत खुली करण्यात आली. सुरतेकडे किंवा बारडोलीकडे मजुरीला गेलेल्या कुटुंबाला आपले धान्य तेथल्या दुकानातून उचलता यावे, ही व्यवस्था कागदी नोंदवहीच्या काळात करता आली नसती, कारण शिधापत्रिका आणि नोंदवही दोन्ही गावाला बांधलेल्या होत्या. दरवर्षी सहा महिने गाव सोडणाऱ्या जिल्ह्याला या सोयीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. पण तिचा लाभ घ्यावयाचा असतो तो परक्या गावी, परक्या दुकानदाराकडून. आणि तेथे ठसा लागला नाही तर ओळख सांगणारा कोणी नसतो. म्हणून गाव सोडण्यापूर्वीच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, कुटुंबातील कोणाचा कोणता ठसा जुळतो हे तपासून देण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

वळवी, पाडवी आणि पदवी

‘नाव जुळत नाही’ ही तक्रार ठशाइतकीच सार्वत्रिक आहे, आणि तिचे मूळ यंत्रात नसून लिपीत आहे. वळवी हे या जिल्ह्यातील एक प्रमुख आडनाव. रोमन लिपीत त्याचे आद्याक्षर कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’. त्यातील ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतःचे अक्षर नाही, म्हणून तेथे ‘एल’ येतो. आणि तेच नाव यंत्राने पुन्हा देवनागरीत आणले, की ‘वलवी’ होते. पाडवी या आडनावातील पहिला ‘आ’ रोमन लिपीत एका अक्षराने लिहिला, तर परत येताना त्याचे ‘पदवी’ होण्याचा संभव असतो. माणूस दोन्ही वाचून हसेल व पुढे जाईल. यंत्र अक्षरास अक्षर लावून पाहते. त्याच्या दृष्टीने शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि बँकेच्या खात्यातील मुलगी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि शिष्यवृत्ती अडकून पडते.

तीच गोष्ट जन्मतारखेची. ज्यांच्या जन्माची नोंद झालेली नाही, त्यांच्या शाळेतील नोंदीत वर्षानुवर्षे १ जून ही तारीख पडत आली, तर आधार नोंदणीत केवळ वर्ष सांगितलेल्यांच्या नावापुढे १ जानेवारी. एकाच मुलाला दोन वाढदिवस आणि दोन्ही खोटे! अशी तारीख घालणाऱ्या गुरुजींना त्या वेळी दोष देता आला नसता, कारण कागदावर ती कोणाला अडवीत नव्हती. आज ती अडविते. म्हणून पहिलीत नाव दाखल करताना जन्मनोंदणीचा दाखला पाहून, मराठी व रोमन दोन्ही लिपींतील नाव पालकांसमोर वाचून दाखवून लिहिणे, ही मुलाच्या पुढील पंधरा वर्षांची सोय आहे. मुलाच्या वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर आधारमधील ठसे नव्याने द्यावे लागतात, हेही पालकांच्या लक्षात नसते. शाळेने याद्या करून आठवण दिली तर दहावीच्या ऐन वेळची धावपळ टळते.

जमिनीच्या नोंदींविषयी थोडक्यात. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविताना काही ठिकाणी नावे गळाली, क्षेत्राचे दशांश चुकले. ‘संगणकात तसेच आहे’ असे सांगून खातेदाराला परत पाठविले जात असेल, तर ते योग्य नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे, आणि ती संगणकाच्या पूर्वीपासून आहे. त्याचप्रमाणे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारावयाचा झाल्यास कारणे लेखी द्यावी लागतात व त्यावर अपील करता येते. ‘संगणक घेत नाही’ हे वाक्य स्वाक्षरीनिशी लेखी देण्यास सहसा कोणी तयार होत नाही, हा अनुभव बोलका आहे.

खेळांविषयी

मोबाईलवरील खेळांविषयी लोकमत जवळजवळ एकमुखी आहे, आणि ते प्रतिकूल आहे. ‘पोरगा दिवसभर गेममध्ये असतो’ हे वाक्य पालकसभेत आता हजेरीइतके नियमित झाले आहे. गंमत अशी, की २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हाच मोबाईल आपणच मुलांच्या हाती दिला, आणि डोंगरातील ज्या मुलांच्या घरी तो नव्हता त्यांच्याविषयी आपण हळहळलो. त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाने पब्जी मोबाईलसह ११८ अनुप्रयोगांवर बंदी घातली. पुढे तोच खेळ वेगळ्या नावाने आला. मुलांनी त्याचे स्वागत केले आणि वडिलांनी तक्रारही तीच चालू ठेवली.

या मतात दोन गोष्टींची गल्लत आहे. खेळात रमणे आणि खेळाचे व्यसन लागणे एक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून अमलात आणलेल्या रोगवर्गीकरणात खेळासंबंधीच्या विकाराचा समावेश केला आहे, पण त्याची कसोटी कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे सारे साधारणपणे बारा महिने दिसले पाहिजे, आणि त्यामुळे घर, अभ्यास किंवा काम यांची गंभीर हानी झालेली असली पाहिजे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन तास खेळलेल्या मुलाला यात बसविता येणार नाही. त्याला आपण पूर्वी सूरपारंब्या खेळणाऱ्या मुलाला जे बोललो असतो, तेच बोलावे.

खरी चिंता वाटावी ती दुसऱ्या प्रकाराची, आणि तेथे मुलांपेक्षा मोठी माणसे अधिक गुंतलेली असतात. रमी आणि तत्सम पैसे लावून खेळावयाच्या खेळांना ‘गेम’ हेच नाव मिळाल्यामुळे जुगाराला एक निरागस पांघरूण लाभले. पारावर पत्ते कुटणाऱ्याला गाव ओळखते. पांघरुणाखाली मोबाईलवर हरणाऱ्याला घरसुद्धा ओळखत नाही. मजुरीची उचल किंवा पीककर्जाची रक्कम खात्यात येते आणि त्याच मोबाईलमधून निघून जाते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यास २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. ई-क्रीडा आणि करमणुकीचे खेळ एकीकडे, पैशाचे खेळ दुसरीकडे, असा भेद त्यात स्पष्ट केला आहे. पैशाचे खेळ चालविणाऱ्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. ही शेवटची गोष्ट गावात आवर्जून सांगावी. पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेला कर्जबाजारी माणूस निदान बोलू लागेल.

नोकऱ्या खाणारे यंत्र, नोकऱ्या देणारे यंत्र

संगणकाच्या कामाविषयी दोन मते एकाच घरात सुखाने नांदतात. मुलगा संगणक शिकला की त्याचे भाग्य उघडेल, हे एक. आणि संगणक आल्यामुळे माणसांची कामे जाणार, हे दुसरे. दुसरे मत अधिक जुने. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात कलकत्त्यात संगणकाला जोरदार विरोध केला होता. त्या काळी हा प्रश्न इतका तीव्र झाला, की केंद्र शासनाने स्वयंचलनाविषयी एक समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत तर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाल्यावरच यंत्रीकरणाची वाट खुली झाली. या विरोधाला आज अडाणीपणा म्हणण्याची पद्धत आहे, ती बरोबर नाही. हिशेब करणाऱ्या कारकुनाचे काम यंत्राकडे जाणार, हे त्या लोकांना अचूक दिसत होते. त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचे काम कोठे उभे राहात आहे, ते मात्र दिसणे कठीण होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात. प्रगत संगणन विकास केंद्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. गेलेले काम आणि आलेले काम यांची बेरीज-वजाबाकी देशाच्या पातळीवर मांडता येते. पण ज्याचे गेले त्यालाच नवे मिळाले, असे नव्हे. मुंबई-पुण्याला जे मिळाले, त्यातील फार थोडे खानदेशात आले.

नंदुरबारच्या तरुणाच्या वाट्याला प्रथम आला तो २००१ पासून सुरू झालेला एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम. तो चांगला आहे. पण तो संगणकाची ओळख करून देतो, संगणकाचा व्यवसाय शिकवीत नाही. सायकल चालविता येणे आणि सायकल तयार करता येणे यांत जेवढे अंतर, तेवढे येथेही आहे. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून ते मिळाले म्हणजे नोकरी मिळाली, असा अर्थ लोकांनी काढला. पालकांना हे स्पष्ट सांगण्याचे काम शिक्षकांचेच आहे. ज्याला या व्यवसायात खरोखर जावयाचे आहे, त्याला गणित, इंग्रजी वाचन आणि कित्येक महिने एकाच चुकीचा माग काढण्याची चिकाटी लागते. यांपैकी पहिल्या दोहोंचा पाया दहावीच्या आत घालावा लागतो.

दरम्यान, संगणकाचे काम करणारी माणसे जिल्ह्याच्या गावोगावी आहेतच. फक्त त्यांना कोणी तसे म्हणत नाही. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींत संगणक परिचालक आले. पुढे आपले सरकार सेवा केंद्रांतून हे काम चालले. मानधन आणि सेवेतील स्थान यांसाठी या परिचालकांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. २०२१ पासून अंगणवाडी सेविका मुलांची वजने आणि उंची मोबाईलमधील पोषण ट्रॅकरवर नोंदवितात. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाईलवर घेणे सक्तीचे झाले, आणि हजेरीपट सांभाळणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाला डोंगरात संपर्क मिळेल अशी जागा शोधावी लागू लागली. मोठ्या शहरातील एखाद्या कंपनीत हेच काम करणाऱ्यास ‘माहिती तंत्रज्ञानातील नोकरी’ आहे असे म्हटले असते. गावातील मुलींना तंत्रज्ञानातील नोकरी करणारी स्त्री दाखवावयाची असेल, तर त्यांना अंगणवाडीत न्यावे.

या लोकांचे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. धडगावच्या केंद्रावर बसलेला परिचालक पावरी बोलणाऱ्या म्हातारीचे म्हणणे ऐकतो, ते मनात मराठीत आणतो, पडद्यावरील इंग्रजी रकान्यात बसवितो आणि तिच्या नावातील कोणते अक्षर चुकले तर पुढे काय होईल, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता अशा कामांचे काय होणार, हा प्रश्न महाविद्यालयांतील मुले विचारू लागली आहेत. मराठी बोललेले लिहून घेणारी आणि इंग्रजीचे बरे भाषांतर करणारी साधने आज साध्या मोबाईलवर मिळतात, तेव्हा नुसत्या टंकलेखनावर पोट भरण्याचे दिवस थोडेच उरले आहेत, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे. परंतु सातपुड्याच्या भाषांच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ या भाषांतर साधनाचे प्राथमिक रूप खुले केले. त्यात संथाळी, मुंडारी व गोंडी यांच्याबरोबर भिलीचा समावेश आहे. पण आरंभी घेतलेली भिली मध्य प्रदेशातील आहे. तळोदा-अक्कलकुव्याची बोली, पावरी आणि मावची यांचे शब्द आणि वाक्ये अशा यंत्रात येण्यासाठी आधी ती कोणीतरी ऐकून, लिहून, तपासून द्यावी लागतात. दोन्ही भाषा जाणणारे प्राथमिक शिक्षक, आश्रमशाळांचे माजी विद्यार्थी आणि केंद्रांवरील हे परिचालक यांच्यावाचून ते काम दुसऱ्या कोणाला करता येण्याजोगे नाही, आणि ते करणाऱ्यांना त्याचा योग्य मोबदला मिळावा, अशी मागणी जिल्हा परिषदेने आताच नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.